हसताना टेकायला भिंत

रविवारी दादाकडे जेवायला गेलो होतो. मसालेभात, मठ्ठा, जिलबी असा साग्रसंगीत बेत. भाचा नुकताच कॉलेजात गेलाय, त्यामुळे त्याच्याकडे नकला करायला नवीन माणसांचा साठा आलाय. त्याने त्यांच्या एका सरांची हजेरी घेण्याची नक्कल केली आणि माझी लेक अशी काही खदखदून हसली, की तिच्या हातातला मठ्ठ्याचा पेला निसटला. टेबलावर पांढरा ओघळ, त्यात आल्याचा कीस आणि कोथिंबीर, आणि तो ओघळ थेट जिलबीच्या ताटाकडे निघालेला. वहिनी फडकं आणायला धावली, दादाने जिलब्या वाचवल्या, सगळे अजूनच हसायला लागले. मी सोडून. मी लेकीच्या जबड्याकडे बघत होते. जबडा सैल पडलाय का? पापण्या अर्ध्यावर आल्यात का? मान कलंडतेय का, जिभेचं टोक ओठांबाहेर आलंय का? तिने पेला उचलला, टी-शर्टवरचे शिंतोडे झटकले आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "काय बघतेस गं?"

"मिशी आलीय तुला मठ्ठ्याची," मी म्हटलं.

घरी येताना म्हात्रे पुलावर नवरा हळूच म्हणाला, "परत तपासत होतीस ना तिला?" लेक मागे कानात इअरफोन घालून बसली होती. मी खिडकीबाहेर बघत राहिले. त्याला त्याचं उत्तर मिळालं.

मला नार्कोलेप्सी आहे. मेंदूत खोलवर, हायपोथॅलॅमस नावाच्या भागात, ओरेक्सिन बनवणाऱ्या काही पेशी असतात. अवघ्या मेंदूच्या मानाने मूठभरही नाहीत, साधारण ७० हजार. माणसाचा जागेपणा सलग धरून ठेवणं हे त्यांचं काम. माझ्या त्यातल्या बहुतेक मेल्या आहेत. त्या परत येत नाहीत. १९९८ साली दोन वेगवेगळ्या गटांना हे रसायन जवळपास एकाच वेळी सापडलं, म्हणून त्याला नावंही दोन पडली, ओरेक्सिन आणि हायपोक्रेटिन. तिकडे ते शोधनिबंध छापून येत होते तेव्हा इकडे मी नववीत होते आणि भूगोलाच्या वहीवर लाळ गाळत झोपत होते. दख्खनच्या पठारावर शाईचा एक मोठा तलाव झाला होता, तो मला अजून आठवतो.

दिवसा झोप येते एवढंच असतं तर फार बिघडलं नसतं. दुसरा भाग विचित्र आहे. स्वप्न पडत असताना आपलं शरीर लुळं पडलेलं असतं, म्हणून स्वप्नात धावलो तरी आपण पलंगावरून उठून पळत नाही. माझ्या बाबतीत ते लुळं पडणं कधीकधी जागेपणीच येतं, आणि येतं ते आनंदाने. मनापासून हसू आलं की आधी गाल ढिले होतात, मग मान, मग गुडघे. शुद्ध पूर्ण असते, सगळं ऐकू येतं, फक्त अंगात उभं राहण्याची ताकद नसते. काही सेकंद, फार तर मिनिटभर. याला कॅटाप्लेक्सी म्हणतात. रागाने होते, एकदम आश्चर्य वाटलं तरी होते, पण सर्वांत जास्त हसण्याने. सभ्य, बेतीव, लग्नाच्या फोटोतलं हसू चालतं. खरं हसू आलं की पंचाईत.

बाबा हसण्याआधी टेकायचे.

सदाशिव पेठेतल्या आमच्या वाड्यात माजघर आणि ओटीच्या मध्ये एक सागवानी खांब होता. बाबा गोष्टीवेल्हाळ माणूस. कचेरीतले किस्से रंगवून सांगायचे, पण किस्सा टोकाला आला की थांबायचे, दोन पावलं मागे सरकायचे, पाठ खांबाला लावायचे, आणि मगच शेवटचं वाक्य सोडायचे. ऐकणाऱ्यांना वाटायचं, काय तो नाट्यमय विराम! वाक्य सुटलं की सगळे हसायचे आणि बाबांची हनुवटी छातीवर यायची, शब्द बोबडे व्हायचे, एक हात खांबावरून हळूहळू खाली घसरायचा. आत्या म्हणायची, "दादाला स्वतःच्याच विनोदाचं हसू आवरत नाही." कॅरममध्ये तेच. क्वीन घेतली, आता फक्त कव्हर उरलंय, की स्ट्रायकर बोटांतून गळायचा. सायकल ते चालवण्यापेक्षा हातात धरून चालायचेच जास्त, आणि सोबत कुणी गप्पिष्ट असेल तर हमखास. खांबावर त्यांच्या खांद्याच्या उंचीला तेलकट काळा डाग पडला होता. वाडा पाडला तेव्हा तो खांब जुन्या लाकडाच्या व्यापाऱ्याने नेला.

बाबांचं निदान कधीच झालं नाही. त्यांना नार्कोलेप्सी होती हे मी म्हणते, माझ्या जबाबदारीवर. ते गेले तेव्हा मलाच माझ्या आजाराचं नाव माहीत नव्हतं. पण एक सांगते, हा आजार लपवायला पुण्याइतकं सोयीचं गाव जगात नसेल. दुपारी एक ते चार शटर खाली ओढून झोपणाऱ्या गावात झोपाळू माणूस वेगळा दिसणार कसा? त्या तीन तासांवरचे विनोद आता इतके शिळे झालेत की मलाही सांगताना जांभई येते. २०१७ साली चितळ्यांनी दुकान दुपारीही उघडं ठेवायचं ठरवलं तर त्याची बातमी झाली. पण बाबांच्या काळात वामकुक्षी हा इथला हक्क होता, आणि बाबा त्या हक्काच्या आड सुखाने लपून होते. रविवारी जेवून आडवे झाले की कुणी हटकत नसे. अडचण एवढीच, की ते सकाळी दहालाही झोपायचे आणि संध्याकाळी पाचलाही. पीएमटीत बसले की झोप. स्वारगेटला उतरायचं ते कात्रजला जाऊन परत येत. ओळखीचे कंडक्टर त्यांना खांद्याला हलवून उठवत आणि खाली उतरवत. कचेरीत मात्र कंडक्टर नव्हते. 'कार्यालयीन वेळेत निद्राधीन आढळल्याबद्दल' असा मेमो त्यांना मिळाला होता, तो आईने कपाटात एलआयसीच्या कागदांखाली ठेवला होता. मला तो शब्द तेव्हा फार भारदस्त वाटला होता. निद्राधीन. बढती काही त्यांना वेळेवर मिळाली नाही.

एकच जागा अशी होती जिथे बाबा बेधडक झोपायचे. सवाई. तेव्हा रमणबागेच्या मैदानावर रात्रभर गाणं चालायचं, डिसेंबरची थंडी, भारतीय बैठकीत शाली-कानटोप्यांची दाटी. पहाटे तीनच्या सुमाराला निम्मा मांडव डुलत असे, आणि ते डुलणं रागदारीचं की झोपेचं हे कुणी कुणाला विचारत नसे. बाबा सांगायचे, गाणं त्यांना झोपेत शिरल्यावर जास्त चांगलं ऐकू येतं. तानपुऱ्याच्या आवाजातून माणसं चालत येतात, म्हणायचे. मला ते कवीमनाचं लक्षण वाटायचं. आता कळतं की ते जागेपणाच्या उंबरठ्यावर पडणारं स्वप्न होतं, या आजाराचं पाठ्यपुस्तकात सापडणारं लक्षण. दोन्हीपैकी कुठलं खरं मानायचं, हे मी अजून ठरवलेलं नाही.

माझ्या वाट्याला आलेली माणसं मात्र तानपुऱ्यातून येत नव्हती. चौदाव्या वर्षी, झोप लागता लागता, कुणीतरी खोलीत शिरल्याचा आवाज, मग गादी दबल्याची जाणीव, मग छातीवर वजन. डोळे उघडे, अंग हलेना, ओरडायचं तर घशातून आवाज निघेना. आजी बाजूलाच झोपायची. तिला सांगितलं तर ती अजिबात घाबरली नाही. "मुंजा बसतो," म्हणाली, मीठ-मोहरीने माझी दृष्ट काढली, शनिवारी मारुतीला तेल घालून आली. मोहरी निखाऱ्यावर तडतडत असताना सहज बोलून गेली, "याच वयात तुझ्या बापाच्याही छातीवर बसायचा."

बाबांच्या आजाराचा माझ्याकडे असलेला सर्वांत जुना पुरावा तो हाच.

पुढची दहा-अकरा वर्षं मी आळशी होते. शाळेत आळशी, कॉलेजात आळशी, सीएच्या क्लासला तर दिव्य. कुंभकर्ण हे नाव मला तीन वेगवेगळ्या शिक्षकांनी स्वतंत्रपणे ठेवलं, कुणाला दुसरं काही सुचलं नाही. थायरॉइड तपासून झाला, रक्त तपासून झालं, एका वैद्यांनी दही बंद केलं. आणि खरं सांगायचं तर आळशी या शब्दावर माझा हळूहळू विश्वास बसला. माणसाला एकच गोष्ट पुरेशा लोकांनी, पुरेशा प्रेमाने सांगितली की ती खरी वाटू लागते. शेवटी २००९ च्या उन्हाळ्यात एका डॉक्टरबाईंनी माझं म्हणणं मध्ये न तोडता ऐकलं आणि विचारलं, "हसताना हातातल्या वस्तू पडतात का?" इतक्या वर्षांत हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. त्यांनी स्लीप स्टडी करायला सांगितली. रात्रभर डोक्याला वायरी चिकटवून झोपायचं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळपासून दर दोन तासांनी अंधाऱ्या खोलीत वीस मिनिटं पुन्हा आडवं व्हायचं, अशा पाच वेळा. टेक्निशियन मुलगी दार लावताना म्हणायची, "झोपा मॅडम." दिवसाढवळ्या मला कुणीतरी झोपा म्हणत होतं आणि शेजारच्या खोलीत ते कागदावर नोंदवून घेत होतं! निरोगी माणसाला स्वप्नांची झोप लागायला साधारण दीड तास लागतो. मी काही मिनिटांतच तिथे पोचत होते. केसांतला तो पेस्ट निघता निघेना. त्या रात्री शिकेकाईने न्हाताना मी खूप वेळ रडले, आणि त्यात दुःख किती आणि सुटका किती ते सांगता येणार नाही.

मुलांना होईल का, हा प्रश्न मला पहिल्यांदा डॉक्टरांनी विचारला नाही, मीही विचारला नाही. तो विचारला एका स्थळाच्या आईने. कांदेपोह्यांच्या कार्यक्रमात काही बोलू नको, थोडी झोप जास्त लागते एवढंच म्हण, असं आईने बजावलं होतं. मी सगळं सांगितलं. मुलगा भला होता, त्याने मान डोलावली. त्याच्या आईने डिश खाली ठेवली, पदर सारखा केला आणि शांतपणे म्हणाल्या, "वडिलांनाही होतं म्हणता. म्हणजे पुढच्या पिढीलाही येणार का?" मला इतका संताप आला होता, की मान ढिली पडायला लागली आणि मी खुर्चीचा हात घट्ट धरून ठेवला. अंगावर पांढरा डाग आहे का, घरात कुणाला फिट येते का, याच्या ओळीत आता मी जाऊन बसले होते. आज पंधरा वर्षं होत आली, आणि त्या बाईंचा प्रश्न मी जवळपास रोज स्वतःला विचारते, शब्दसुद्धा त्यांचेच. फक्त त्यांना नकार देऊन मोकळं होता आलं.

उत्तर तसं दिलासा देणारं आहे. सर्वसाधारणपणे दोन हजारांत एकाला हा आजार होतो. आई-वडिलांपैकी एकाला असेल तर मुलाला होण्याची शक्यता १ ते २ टक्के. एकसारख्या जुळ्यांतसुद्धा एकाला असला तर दुसऱ्याला होण्याचं प्रमाण साधारण २५ ते ३० टक्केच, म्हणजे सगळं काही रक्तात लिहून आलेलं नसतं. प्रतिकारशक्तीशी संबंधित एक विशिष्ट जनुक, एचएलए गटातलं, बहुतेक रुग्णांत सापडतं, पण युरोपीय वंशाच्या निरोगी माणसांतही ते चौघांत एकाकडे असतं, त्यामुळे लेकीचं जनुक तपासून घेऊ का, या माझ्या प्रश्नावर डॉक्टरबाईंनी सरळ नाही म्हटलं. असलं तरी काही सिद्ध होत नाही, आणि तुम्ही मात्र आयुष्यभर झोपणार नाही, असं म्हणाल्या. मग स्वतःच्याच वाक्यावर हसल्या. म्हणजे ९८ टक्के नाही. बारावीला कुणाला ९८ पडले तर सोसायटीभर पेढे वाटतात. पण हे ९८ त्या माणसासाठी, ज्याच्या घरात तो एकटाच रुग्ण आहे. बाबांचं काय? मी विचारलं. "त्यांचं निदान झालेलं नाही ना, हिशेबात कसं धरणार?" हे वैद्यकशास्त्राच्या दृष्टीने बरोबरच आहे. माझ्याकडे पुरावा म्हणून एक विकून टाकलेला खांब आहे आणि आजीचा मुंजा.

कुत्र्यांचं बरं असतं. स्टॅनफर्डला डॉबरमन कुत्र्यांची एक वंशावळ होती, त्यांच्यात नार्कोलेप्सी सरळ आनुवंशिक. दोन्ही बाजूंनी सदोष जनुक आलं की पिल्लाला आजार ठरलेला. १९९९ साली तिथल्याच संशोधकांनी ते जनुक शोधून काढलं. माणसांत प्रकार वेगळा निघाला, आपल्यात बहुधा शरीराची प्रतिकारशक्तीच चुकून त्या पेशींवर उलटते. त्या कुत्र्यांच्या जुन्या चित्रफिती मी पाहिल्यात. समोर खाण्याचं ताट ठेवलं की आनंदाने उसळतात आणि तिथल्या तिथे कोसळतात, शेपटी तेवढी हलत राहते. बघताना मला हसू आलं, मान खाली गेली, आणि उरलेली चित्रफीत मी टेबलावर गाल टेकून तिरकी पाहिली.

लेक पोटात असताना माझ्या गोळ्या बंद केल्या होत्या. ते महिने मी कसे काढले ते विचारू नका, मलाही नीट आठवत नाहीत. बाळ झाल्यावर घरात नियमच केला, बाळाला मी जमिनीवरच्या गादीवर बसूनच घ्यायचं. आंघोळ सासूबाई घालायच्या, जिना चढताना ती कायम दुसऱ्या कुणाच्या कडेवर. ती चार महिन्यांची असताना, मांडीवर, माझ्या शिंकेला पहिल्यांदा आवाज काढून हसली. स्वच्छ, पोटातून आलेलं हसू. मलाही आलं. आणि माझे हात गळाले. दोन्ही हात तिच्या बाजूने खाली पडले, ती मांडीवरून गादीवर अलगद घरंगळली, मी तिच्याकडे बघत होते आणि बोटही हलवू शकत नव्हते. तिला काहीच झालं नाही. उलट माझा लोंबलेला चेहरा बघून ती आणखी हसली, त्यामुळे माझा चेहरा आणखी लोंबला. बाळाच्या पहिल्या हसण्याचं आयांनी केलेलं वर्णन मी ऐकते तेव्हा माझ्याकडेही सांगण्यासारखं आहे, पण मी सांगत नाही.

पुढे तिने त्याचा खेळच केला. आईला पाडायचं. चार-पाच वर्षांची असताना पलंगावर समोर बसून माकडचाळे करायची, मी आडवी झाले की टाळ्या पिटायची आणि बाबाला ओरडून सांगायची, "पडली, पडली!" पलंगावरच खेळायचं, ही नवऱ्याची एकमेव अट. मला माझ्या बाबांची लाज वाटायची. मैत्रिणी घरी आल्या की ते खांबाला टेकले नाहीत म्हणजे बरं, असं वाटायचं. हिला माझी लाज वाटली नाही. ते बघून मला बरं वाटायचं, आणि त्याच वेळी पोटात खड्डाही पडायचा, कारण हा आजार बहुतेकदा पंधराच्या आसपास सुरू होतो.

आता ती बारा वर्षांची आहे, सातवीत. शाळा सव्वासातला भरते, व्हॅन पावणेसातला. चौथीपर्यंतच्या शाळा सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असा आदेश सरकारने २०२४ मध्ये काढला, म्हणजे झोप चौथी पास झाली की संपते असं बहुधा सरकारचं मत असावं. वयात येणाऱ्या मुलांचं शरीराचं घड्याळच पुढे सरकतं, त्यांना रात्री लवकर झोप येत नाही आणि सकाळी उठवत नाही. हे शास्त्र आहे. त्यामुळे सकाळी कोथरूडमध्ये दिसणाऱ्या प्रत्येक व्हॅनमध्ये काचेला डोकं टेकून झोपलेली पोरं असतात. मी त्या काचांमध्ये माझी लेक शोधते, आणि ती इतरांपेक्षा जास्त झोपलीय का ते बघते. रविवारी दहापर्यंत उठली नाही की मी दारात जाऊन उभी राहते. पापण्यांखाली बुबुळं फिरतायत का? इतक्या लवकर? दुपारी अभ्यास करताना डुलकी लागली की घड्याळाकडे बघते. ताप आला की वेगळीच भीती. माझं निदान झालं त्याच पावसाळ्यात पुण्यात स्वाइन फ्लू आला होता. देशातला पहिला मृत्यू इथलाच, ऑगस्टमध्ये. नायडू हॉस्पिटलबाहेर रांगा, लक्ष्मी रोडवर मास्क, शाळा बंद. नंतर वाचलं, की त्या साथीनंतर चीनमध्ये मुलांतल्या नार्कोलेप्सीचं प्रमाण वाढलं होतं, आणि युरोपात त्या साथीसाठी वापरलेल्या एका लशीनंतरही. ती लस आता वापरात नाही, आणि लेकीला मी वेळापत्रकातल्या सगळ्या लशी दिल्यात, दर पावसाळ्याआधी फ्लूचीही. पण साधी सर्दी झाली तरी पुढचे काही आठवडे मी तिच्या गुडघ्यांकडे बघत असते.

नवऱ्याचं म्हणणं साधं आहे. "लवकर कळून करणार काय तू? थांबवता येतं का?" नाही. आजार येणार असेल तर तो थांबवायचा उपाय आज कुणाकडे नाही. "मग?" त्याच्या या 'मग'ला मी बरीच वर्षं उत्तर शोधत होते. आता आहे. झोपेने माझं फारसं काही बिघडवलं नाही. सकाळी गोळी घेते, ऑफिसात जेवणानंतर रेकॉर्ड रूममध्ये पंधरा मिनिटं पाठ टेकते, गाडी चालवत नाही, संसार होतो. बिघडवलं ते आळशी या शब्दाने, त्या दहा-अकरा वर्षांनी. बाबांचं तर सबंध आयुष्यच त्या एका मेमोखाली गेलं. मला पहारा द्यायचाय तो त्या शब्दावर. हिला एका सहामाहीपुरतंही कुणी, आणि मुख्य म्हणजे तिने स्वतः, आळशी म्हणता कामा नये. नवरा हे ऐकून घेतो, मान्यही करतो, आणि मग म्हणतो, "तिला आळशी म्हणू नये म्हणून तू तिला आत्तापासून पेशंट म्हणतेयस." इथे आमचं भांडण थांबतं. मिटत नाही.

मठ्ठ्याच्या पेल्याचं मी डॉक्टरबाईंना फोन करून विचारलंच. त्यांना माझे असले फोन सवयीचे झालेत. पेला ओला होता का, त्यांनी विचारलं. होता. हसताना ती हलत होती का, गडबडा? होती. मग लुळी कशी पडली असेल? कॅटाप्लेक्सीत माणूस गळतो, उड्या मारत नाही. पुन्हा पुन्हा झालं, हसण्याशी बांधलेलं दिसलं, दिवसाच्या झोपेचीही तक्रार असली, तर घेऊन या. "एरवी पेले पडतात हो," म्हणाल्या. "आमच्याकडेही पडतात."

माझ्या डोक्यात काय चालतं ते लेकीला कळत नाही असा माझा समज होता. मध्यंतरी एकदा भाजी निवडत असताना तिने थेट विचारलं, "आई, मला झालं तर माझेपण गुडघे जातील का?" जातील, मी म्हटलं. "मग मी पण खांब शोधीन," ती म्हणाली. बाबांच्या खांबाची गोष्ट तिला पाठ आहे, आणि तिच्या मते आमच्या फ्लॅटमधली सर्वांत योग्य जागा म्हणजे फ्रिज. तिने उठून टेकूनही बघितलं. मी मेथीची पानं खुडत राहिले, कारण खुडणं थांबवलं असतं तर आवाज बदलला असता. त्यानंतर तिने विचारलं, की आजोबांना कळलं असतं की हा आजार आहे तर त्यांनी गोष्टी सांगणं बंद केलं असतं का. मला माहीत नाही. मी तसं म्हटलं. ती म्हणाली, "नसतं केलं."

या उन्हाळ्यात तिला पोहायला शिकायचंय. मी कधीच शिकले नाही. पाण्यात हसू आलं तर काय, या एका विचाराने. डेक्कनजवळच्या तलावाचा फॉर्म तिने स्वतः भरायला घेतला. त्यात एक रकाना होता, दमा, फिट, हृदयविकार किंवा इतर काही आजार असल्यास. तिचं पेन तिथे थांबलं. "तुझं लिहायचं का?" मी नवऱ्याकडे बघितलं, तो मुद्दाम पेपरात तोंड घालून बसला होता. मी म्हटलं, "तुला काय वाटतं?" तिने रकाना परत एकदा वाचला. "इथे पोहणाऱ्याचं विचारलंय," म्हणाली, आणि 'नाही' लिहून पुढच्या रकान्याकडे गेली.

मी तरीही कोचला बाजूला घेऊन सांगितलं. ते टॉवेल खांद्यावर टाकून लक्ष देऊन ऐकत होते. "म्हणजे हसता हसता ढिली पडली तर लगेच बाहेर काढायचं, एवढंच ना? तसंही इथं हसणाऱ्या पोरांवरच लक्ष ठेवावं लागतं." बॅच सकाळी सहाची मिळाली. ती पाण्यात असेपर्यंत मी काठावर बसणार, ही माझी अट, आणि ती दोघांनी कुरकुरत मान्य केली आहे. साडेपाचला आम्हा दोघींना उठवायचं काम नवऱ्याकडे. पहिल्या दिवशी लेक एका हाकेत उठली. मी उठले नाही, म्हणून ते दोघंच गेले.